सातवी बाजू नसलेला फासा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावरच्या फळ्यावर १४२८५७ ही संख्या, तिला चक्क हार घातलेला, आणि शेजारी अंकमहाराज. भक्ताने भलामोठा लाकडी फासा टाकायचा आणि पडेल त्या आकड्याने संख्येला गुणायचं. तीन पडले : ४२८५७१. पाच पडले : ७१४२८५.

"पाहा! तेच अंक, त्याच क्रमाने, नुसते फिरलेले!" महाराज गरजले. "कितीही गुणा, हिला मरण नाही! हिचा जप करणाऱ्याचा आजारही असाच फिरून माघारी जातो. गोळ्या कशाला गिळता?"

सर्वांत मोठी टाळी माझ्या धाकट्या दिरांची. भाऊजी सुतार; फिट्सचा त्रास, आणि दिवसभर हात करवतीच्या यंत्रापाशी. जप धरल्यापासून गोळ्या बंद. जाऊबाई रडून थकल्या. आजार जाता जाता चार बोटं सोबत नेईल, एवढंच सांगायचं महाराज विसरले होते.

मी हात जोडून उठले. "महाराज, माझा रोज सात वेळा नामस्मरणाचा नेम आहे. सातने गुणू का?"

"फासा टाका, माई. संख्या फाशाचंच ऐकते."

मी मागे वळले. "भाऊजी, फासा तुम्हीच घडवलात ना? सात कुठल्या बाजूला कोरलंत?"

"काहीतरीच काय वहिनी! फाशाला सहाच बाजू असतात."

"अगंबाई! मग सात पडायचे कधी?"

लोक हसले. भाऊजी हसले नाहीत. ते व्यासपीठावर गेले, महाराजांचाच कॅल्क्युलेटर उचलला आणि सातने गुणलं. ९९९९९९.

"पूर्णत्व!" महाराजांनी सावरून घेतलं. "नवांचं दर्शन फार दुर्मीळ!"

"मग आता आठ." ११४२८५६. सहा आगंतुक, एक दोनदा, आणि सात बेपत्ता.

"पापी बोटांनी दाबलंत!"

"बोटं आहेत तोवर दाबून घेतो, महाराज."

गुपित शाळेतल्या भागाकारात आहे. एकाला सातने भागत राहा. बाकी एक ते सहा यांतलीच उरते. सगळ्या येऊन गेल्या की पहिली परत येते, म्हणून उत्तरात १४२८५७ हेच अंक गोल फिरतात. दोनाला भागा, सहाला भागा, रिंगण तेच, सुरुवात वेगळी. म्हणून सहापर्यंत गुणाकारही तसाच फिरतो. सातलाच सातने भागलं की बाकीच उरत नाही. रिंगण संपतं, आणि महाराजही.

संख्या बिचारी निर्दोष. देव तर त्याहून. मी दोघांनाही मानते, म्हणूनच सांगते : चमत्कार दाखवणारा फासाही स्वतःचाच देऊ लागला, तर त्यावर काय कोरलेलं नाही ते आधी विचारा. आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

भाऊजी फासा काखेत मारून निघाले. यंत्र त्या दिवशी बंदच राहिलं. ते आधी दवाखान्यात गेले.