अव्वाचा लेप

आमच्या अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, जगात दोनच गोष्टींची चीड होती: केसातली गाठ आणि शेजारची सुंदरम्मा. पहिलीला घराबाहेर ठेवण्यात तिचा जन्म गेला, आणि दुसरीच्या पायी एकदा तिनं आपल्याच हातानं पहिली घरात आणली. त्या भानगडीत माझी बायको माझ्या हातून जायची वेळ आली होती, म्हणून मी ती अजून विसरलेलो नाही.

सोलापुरात मंगळवार पेठेत आमचं किराण्याचं दुकान, आणि मागं घर. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा सगळं दुकानातच, त्यामुळं अव्वाच्या शास्त्राला माल कधी कमी पडला नाही. वडील गादीवर बसत. घरच्या कारभारात त्यांचं मत विचारलं तर ते ‘हूं’ म्हणत, आणि त्याचा अर्थ अव्वा लावत असे.

न्हाणं मंगळवारी आणि शुक्रवारी. आदल्या संध्याकाळी करडीचं तेल कोमट करून बोटांच्या पेरांनी मुरवायचं, नख लागता कामा नये. शिकेकाई उकळून, गाळून घ्यायची आणि ती डोक्याला चोळायची, केसांना नाही. ओल्या केसांत फणी घालणारी बाई अव्वाच्या लेखी चोराच्या पंक्तीला. विंचरायचं ते टोकाकडून सुरू करून वर वर जायचं, आणि झोपताना सैल वेणी घालायची. माझ्या दोन्ही बहिणी याच शाळेत पास होऊन सासरी गेल्या.

या शिस्तीला कारण होतं. अव्वाची थोरली बहीण ईरव्वा आठ वर्षांची असताना तापानं तीन आठवडे अंथरुणाला खिळली. डोक्याला फणी लागली नाही. उठली तेव्हा केसांत जट झालेली. जट म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माची हाक, तिला फणी लावायची नाही, कातर लावायची नाही, असं सगळेच मानत. घरच्यांनी पोरीच्या हातात जोगव्याची परडी दिली आणि ती देवीची झाली. ना लग्न, ना संसार. वर्षातून दोनदा ती जोगवा मागत आमच्या दाराशी येई. अव्वा तिला सुपानं जोंधळे घाली, तिच्या पाया पडे, आणि मग दिवसभर कुणाशी बोलत नसे.

माझं लग्न होऊन चन्नम्मा अक्कलकोटाकडून आमच्या घरी आली ती कमरेइतके केस घेऊन. अव्वा खूश होती. पण त्याच साली सुंदरम्मानं सून आणली, आणि तिचे केस गुडघ्याला लागत होते. हळदीकुंकवाला सुंदरम्मानं सगळ्या बायकांदेखत नाडीनं ते मोजून दाखवले आणि वर म्हणाली की चन्नम्माचे केसही चांगलेच आहेत, फक्त कमरेपर्यंत आले आणि दमले. अव्वा हसत हसत घरी आली. ती अशी हसली की आम्ही बापलेक दुकानात जाऊन बसत असू.

दुसऱ्याच दिवशी लेप तयार झाला. जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस काढला, त्यात रात्रभर भिजलेली मेथी घातली, वर कोरफडीचा गर. मेथी पाट्यावर वाटून घ्यावी असं चन्नम्मानं सुचवलं, तर वाटल्यानं तिचा कस जातो असं उत्तर मिळालं. सगळं डोक्यावर थापून, केसांचा अंबाडा घालून, वर फडकं आवळून बांधलं. आठ दिवस सोडायचं नाही. जिनं जन्मभर एक दिवस कुणाच्या डोक्याची फणी चुकू दिली नाही, तिनं हे केलं. ईर्ष्येपुढं शास्त्र चालत नाही, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी चन्नम्मा म्हणाली खाजतंय. अव्वा म्हणाली केस वाढतायत.

नवव्या दिवशी फडकं सोडलं. जवस वाळून कडक झालं होतं. ते निघेना म्हणून अव्वानं गरम शिकेकाई ओतली आणि घाईघाईनं दोन्ही हातांनी खसाखसा चोळलं. पाणी निथळलं तेव्हा मानेवर मुठीएवढा गोळा होता, आणि त्यातून एक केससुद्धा बोटाला लागत नव्हता. अव्वा मटकन खाली बसली. तिचा तसा चेहरा मी आधी पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यांपुढं कोण उभं होतं हे मला फार उशिरा कळलं.

सुंदरम्मा भिंतीपलीकडून डोकावलीच. तिनं आधी गोळा पाहिला, मग हात जोडले आणि म्हणाली, “काशम्मा, देवी आली की गं तुझ्या घरात.” त्यात काही खोच नव्हती. ती खरंच घाबरली होती.

मी म्हणालो, हा लेपाचा प्रताप आहे, देवीला कशाला मध्ये ओढता. त्यावर अव्वा अशी उसळली की विचारू नका. तिच्या लेपानं केस वाढतात, ते गुंततील कसे? लेप चुकला म्हणावं तर पेठ हसणार, देवी आली म्हणावं तर पेठ पाया पडणार. शिवाय तिच्या मनात खरीच भीती होती. बहिणीच्या वेळीही असंच झालं होतं. वडिलांना विचारलं. ते ‘हूं’ म्हणाले. ठरलं की येत्या पौर्णिमेला चन्नम्मानं परडी घ्यायची. पौर्णिमा आठ दिवसांवर होती.

त्या दिवसापासून चन्नम्मा पाटावर. झाडणं नाही, भाकरी थापणं नाही; सासू तिच्या पाया पडू लागली. रोज सकाळी जटेवर हळदीचं पाणी, दूध आणि पुन्हा पाणी. पेठेतल्या बायका ओट्या घेऊन येत. आणि देवीच्या माणसाला नवऱ्याचा विटाळ नको म्हणून माझी रवानगी दुकानात, गुळाच्या ढेपांशेजारी. मुंगळे माझी चौकशी करून जात.

चार दिवसांनी मी ओटीचे नारळ उचलायचं निमित्त काढून आत गेलो. चन्नम्मा एकटीच होती. तिनं पदर सारखा केला, खाली बघत हळूच म्हणाली, “मला परडी न्हाई घ्यायची. मला भाकरी थापायच्यात.”

मी काहीतरी करतो म्हणालो, आणि खरं सांगायचं तर मला काय करायचं ते अजिबात कळत नव्हतं. कातर घेऊन जावं तर निर्वंश होईल म्हणून अव्वा आडवी पडणार. घर सोडून जावं तर जायचं कुठं? मी बायकोवर जीव टाकत होतो आणि आईला भीत होतो, आणि दोन्हीत सारखाच पटाईत होतो.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी मंगळवार आला. सकाळीच माजघरात गलका झाला. जटेतून दोन हिरवी पानं बाहेर आली होती. कोवळी, लुसलुशीत. सुंदरम्मानं जमिनीवर लोटांगण घातलं. देवी हिरवी झाली, आता पाऊसपाणी उत्तम होणार, असं तिनं जाहीर केलं. दुपारपर्यंत आमच्या दारात पायतणांचा ढीग लागला आणि गिऱ्हाईकाला दुकानात शिरायला वाट राहिली नाही.

त्या ढिगातून वाट काढत केराबाई आली. ही नातेपुत्याकडची धनगरीण. मंगळवारच्या बाजाराला घोंगडी घेऊन येई आणि परत जाताना आमच्याकडून गूळ नेई. अव्वाची आणि तिची जुनी ओळख. तिनं खांद्यावरची घोंगडी उतरवली, गर्दीत मुंडकं घातलं आणि काय झालंय ते विचारलं. अव्वानं सगळं सांगितलं.

केराबाई जटेपाशी वाकली. तिनं वास घेतला. मग कुणी काही म्हणायच्या आत त्यातलं एक पान खुडलं आणि तोंडात टाकलं.

सुंदरम्मा दोन पावलं मागं सरकली, वीज पडलीच तर आपल्यावर नको म्हणून.

केराबाईनं पान सावकाश चावलं. म्हणाली, “मेथी हाय. अजून दोन दीस थांबला असता तर भाजी झाली असती.”

कुणी हसलं नाही. हसायचं धाडस कुणाला होत नव्हतं. अव्वा म्हणाली, ही जट आहे, फणीनं सुटत नाही, देवीची आहे.

“जट न्हवं ती,” केराबाई म्हणाली. “वली लोकर चोळली की अशीच गच्च बसती. आमच्या मेंढरांच्या पाठीवर दर पावसाळ्यात बसती की. मग काय समद्या मेंढरांना परडी देऊ व्हय?”

आता मात्र मागं उभी असलेली एक बाई फिस्सकन हसली. तिच्यामागं दुसरी. मी अव्वाकडं पाहिलं. मला वाटलं ती आता पेटणार, आणि त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की पेटली तरी चन्नम्माचा हात धरून उभं राहायचं. खरंच जाऊन उभा राहिलो. साऱ्या पेठेदेखत बायकोचा हात धरणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

अव्वा पेटली नाही. ती आत गेली आणि करडीच्या तेलाची वाटी घेऊन आली. वाटी तिनं केराबाईपुढं ठेवली.

फणी लागलीच नाही. केराबाईनं तेल मुरवलं, टोकाकडून एकेक केस बोटांनी सुटा करायला घेतला, आणि अडेल तिथं घोंगडं शिवायची सुई घातली. संध्याकाळी ती गूळ घेऊन निघाली. जाताना अव्वाला म्हणाली, “घाई करू नगा. गाठीला दम द्याया लागतो.” पुढचे दोन दिवस अव्वा एकटीच बसून सोडवत होती. जेवायलाही उठली नाही. भिंतीपलीकडून सुंदरम्मानं विचारलं, काय काय निघालं गं? अव्वानं ताटलीतली मोड आलेली मेथी तिला मुकाट्यानं दाखवली. मेथी चांगली मूठभर होती.

पौर्णिमेच्या संध्याकाळी चन्नम्माचे केस मोकळे झाले. वीतभर गेले, बाकीचे राहिले. तिनं पदर खोचला आणि इतक्या भाकरी थापल्या की आम्ही त्या दोन दिवस खात होतो. मी गुळाच्या ढेपांचा आणि मुंगळ्यांचा निरोप घेतला.

महिन्याभरानं ईरव्वा जोगव्याला आली. अव्वा सूप न घेताच बाहेर आली. तिनं बहिणीला ओट्यावर बसवलं, शेजारी तेलाची वाटी ठेवली आणि तिची ती कमरेपर्यंतची, पन्नास वर्षांची जट मांडीवर घेतली. देवीच्या जटेला हात लावते म्हणून सुंदरम्मा भिंतीवरून बघतच राहिली. अव्वा टोकाकडून बोटं फिरवत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी जटेवर टपटपत होतं. “तुज्या डोक्यात कुणी बघितलंच न्हाई गं अक्का,” ती म्हणाली. “मी बी न्हाई बघितलं.”

ईरव्वानं ती मेथीची हकीकत बाजारात ऐकली होती. ती बोळक्या तोंडानं हसली.

“सोड, काशी,” ती म्हणाली. “माज्यात आता मेथी न्हाई सापडायची.”

अव्वानं ऐकलं नाही. दिवे लागेपर्यंत ती शोधत बसली होती.