देवरामच्या नावापुढची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुनी कॉम्प्युटर टेप आहे. गाण्यांची नव्हे हं! बोटभर रुंद, तपकिरी, ताटाएवढ्या चाकावर गुंडाळलेली.

१९८४ साली मी डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात आले. माझा मुक्काम थंडगार खोलीत. तिथे साहेबलोकसुद्धा चपला बाहेर काढून येत. दसऱ्याला साऱ्या यंत्रांना हळदकुंकू लागे, मला मात्र लांबूनच नमस्कार. कुंकवाचा कण अंगावर पडला तर यंत्राला मला वाचताच यायचं नाही! असा माझा थाट होता.

माझ्या पोटात कारखान्यातल्या सगळ्या कामगारांची माहिती होती. चाळीतल्या खोल्यांसारखी प्रत्येकाला अगदी सारखी जागा. आधी नाव, मग घर क्रमांक, मग खातं आणि शेवटी डॉक्टरांची खूण. एखादी गोष्ट लिहायची नसली, तर तिची जागा रिकामी राहायची. तिच्यात दुसरं कोणी घुसायचं नाही.

खडवलीचा देवराम ॲसिडच्या खात्यात होता. तिथल्या वाफेने त्याची छाती पार गेली. कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि मला सांभाळणाऱ्या गुप्तेबाईंकडून त्याच्या नावापुढे खूण करून घेतली. याला पुन्हा ॲसिडकडे पाठवायचं नाही, असा त्या खुणेचा अर्थ. देवराम गोदामात गेला. हळूहळू त्याचा खोकला कमी झाला. मला केवढं बरं वाटलं!

मग १९९६ उजाडलं. नवे कॉम्प्युटर आले आणि माझी माहिती त्यांत उतरवायचं ठरलं. ते काम करणाऱ्या साहेबाला माझ्या रिकाम्या जागा बघवेनात.

"केवढी ही फुकट जागा! काढून टाका सगळी."

काढली. ज्यांच्या घराला क्रमांक होता, त्यांचं काही बिघडलं नाही. पण गावातल्या घराला कुठला आलाय क्रमांक? देवरामची ती जागा रिकामी होती. ती गेली आणि पुढचं सगळं मागे सरकलं. डॉक्टरांची खूण खात्याच्या जागी जाऊन पडली. तिथे ती कोणाला कळेना, म्हणून पुसून टाकली.

गुप्तेबाई म्हणाल्या, "अहो, एकदा जुन्या टेपशी ताडून तरी बघा."

"बाई, टेपवर होती तितकी माणसं इकडे आलीत. आणखी काय हवं?"

पेढे वाटले गेले. गुप्तेबाईंना घरी बसवलं आणि मला कपाटात कोंबलं.

पावसाळ्यात ॲसिडच्या खात्यात माणसं कमी पडली. नव्या कॉम्प्युटरने देवरामचं नाव काढून दिलं. तो माझ्या कपाटासमोरच त्याच साहेबापुढे हात जोडून उभा राहिला.

"साहेब, माझ्या छातीचं डाक्तरला ठावं हाय. मना तिकडं नका पाठवू."

"डॉक्टर कधीच रिटायर झाले. कॉम्प्युटरमध्ये तू ठणठणीत आहेस, देवराम. तो काय खोटं बोलेल?"

अहो, मी आत होते! ती खूण माझ्यात होती! पण यंत्रावर चढवल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि ते यंत्र भंगारात गेलं होतं. मी नुसती जळत राहिले.

देवरामला ॲसिडकडे पाठवलंच. दिवाळीच्या आत तो गेला. त्याची बायको आवडाबाई ऑफिसात आली.

"येवढ्या मोठ्या कंपनीन कुनालाच कसा ठावं नव्हता?" एवढंच ती विचारत राहिली.

"आमच्याकडे तशी नोंद नाही, बाई," साहेब म्हणाला. त्याची पाठ माझ्या कपाटाला लागली होती.

पुढे मीही भंगारात गेले. खडवलीच्या लोकांनी आम्हा टेपांना भातावरची पाखरं हाकायला आणलं. वारा सुटला की आम्ही चकाकतो, भणभणतो आणि चिमण्या पळतात. मी आवडाबाईच्या शेतात आहे. उन्हापावसाने माझा तपकिरी लेप गळत चाललाय.

मित्रांनो, जुनं सगळं जपा असं काही मी म्हणत नाही. पण कोणाच्या नावापुढची रिकामी जागा पुसण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा रे! देवराम तर रोज तिथेच होता.

काल वाऱ्याने माझा एक तुकडा तुटला. देवरामची खूण त्याच तुकड्यावर होती. आवडाबाईने तो चिखलातून उचलला, पदराला पुसला, पुन्हा काठीला घट्ट बांधला आणि ती घरी गेली.