पाणी सोडलं का?

बादली खुंटीला टांगलेली होती, आणि कोरडी होती. जावई शेडच्या दारातच थबकला. बाहेर कोंबड्यांच्या हौदावर बर्फाचा थर जमला होता. रोज संध्याकाळी ट्रॅक्टरचं पाणी या बादलीत काढायचं, सकाळी कोमट करून परत भरायचं, असा सासऱ्यांचा नियम होता. काल बादली खुंटीवरून खाली उतरलीच नव्हती.

त्याने रेडिएटरखालची तोटी उघडली. थेंबही आला नाही. इंजिनाच्या कुशीतली दुसरी उघडली. तीही कोरडी. आत पाणी नसलं तरी असंच होतं आणि आतलं पाणी गोठलं असलं तरी असंच. त्याने तोटीत तार घातली. ती बोटभर जाऊन अडली. बाहेर काढली तेव्हा टोकाला बर्फाचा चुरा होता.

ट्रॅक्टर सासऱ्यांच्या तरुणपणीचा. पाणी गोठू नये म्हणून घालायचं औषध त्याच्या जुन्या सांध्यांतून झिरपायचं, म्हणून त्यात साधंच पाणी. यंदा सासऱ्यांनी तो पहिल्यांदाच लेकीकडे ठेवला होता, तोही अटीवर. थंडीत नीट सांभाळला तर तिच्याकडेच राहणार, नाहीतर तिच्या चुलतभावाकडे जाणार. चुलतभावाने तर तो ठेवायला जागाही रिकामी करून ठेवली होती. निकाल द्यायला सासरे आज सकाळीच येणार होते.

"अगं, इकडे ये!"

बायको हात पुसत आली. त्याने तार पुढे केली.

"काल फोनवर विचारलं ना मी, पाणी सोडलं का? सोडलं म्हणालीस."

"सोडलंच की. हौदात, कोंबड्यांना."

"ट्रॅक्टरचं विचारत होतो मी!"

"ट्रॅक्टरचं नावही नाही घेतलंत. 'पाणी शोडलं का' म्हणालात आणि फोन ठेवलात. मला तर कौतुक वाटलं, दातांच्या दवाखान्यात बसूनही माणसाला कोंबड्यांची आठवण आहे."

काल ट्रॅक्टरने लाकडं ओढून आणेपर्यंत त्याची दाढ ठणकायला लागली होती. इंजिन तापलेलं होतं. आल्यावर पाणी काढू म्हणून तो तसाच निघाला. दाढ काढल्यावर जीभ इतकी जड झाली की तीन शब्दांच्या वर बोलणं जमेना. तिचं उत्तर ऐकून तो निश्चिंत झाला, घरी येऊन गोळी घेऊन झोपला. आता गाल सुजला होता आणि डोकं मात्र साफ चालत होतं, हीच पंचाईत.

"सुरू करून बघा ना. गरम झालं की वितळेल."

"पाणी फिरणारच नाही आत. जळून जाईल."

ती घरात गेली आणि वाफाळती किटली घेऊन आली. तो ट्रॅक्टरच्या आडवा उभा राहिला.

"बाजूला व्हा."

"लोखंड थंडगार आहे. उकळतं पाणी पडलं तर तडकेल."

"तडकलंच असेल तर आधीच तडकलं असेल. बाबा यायच्या आत हे वितळलं पाहिजे. लहानपणी मी या मडगार्डवर बसून फिरले आहे. तुमच्या दाढेपायी तो दादाच्या दारात जाऊन उभा राहणार?"

"जाऊ दे. पण धड जाईल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने किटलीतलं पाणी बादलीत ओतलं, त्यात गार पाणी मिसळलं, कोपर बुडवून पाहिलं. दोघांनी पोती भिजवून इंजिनाला लपेटली. वरून ताडपत्री टाकली, लांबवर हीटर ठेवला. पोती गार पडली की पुन्हा भिजवायची. ती दर खेपेला रस्त्याकडे डोकावून येई. तो तोटीत तार घालून बघे, पुन्हा घालून बघे.

"सारखं कोचून लवकर वितळणार आहे का ते?"

"आणि सारखं बघून ते उशिरा येणार आहेत का?"

सासरे लवकरच आले. ताडपत्री आणि पोती पाहून ते दारातच थांबले.

"काय, आजारी पडला का?"

"बाबा, काल माझ्या ऐकण्यात..."

"माझी चूक आहे, मामा," जावई मधेच म्हणाला. "पाणी काढायचं राहिलं."

"तोंडाला काय झालं?"

"दाढ."

"सुरू केलात?"

"नाही."

"उकळतं ओतलंत?"

"नाही."

सासऱ्यांनी कोट काढून लेकीकडे दिला. ताडपत्रीखाली वाकून ते इंजिनाच्या कुशीवरून बोटं फिरवू लागले. अचानक पत्र्याचा टण्ण आवाज झाला आणि त्यांच्या बाहीवर पाण्याची चिळकांडी उडाली. लेकीने तोंडावर हात ठेवला.

"चकती गेली," सासरे म्हणाले. ब्लॉकच्या अंगात पत्र्याची गोल चकती ठोकून बसवलेली असते. आतल्या बर्फाने ती ढकलली होती आणि बर्फ वितळताच ती निखळली. "ही गेली म्हणजे कदाचित बाकीचं वाचलं. कदाचित म्हणतोय मी."

सगळं पाणी निघून जायला वेळ लागला. सासऱ्यांनी हत्यारांच्या पेटीतून नवी चकती काढली, बसायची जागा घासून स्वच्छ केली, कडेला लेप लावला आणि लाकडी ठोकळा धरून ती ठोकून बसवली. जावयाने कोमट पाणी भरलं आणि हँडल मारलं. पहिल्यांदा नुसता सुस्कारा. दुसऱ्यांदा धूर. सुजलेल्या गालात कळ गेली, तरी त्याने पुन्हा मारलं, आणि इंजिन धडधडू लागलं.

आनंद कोणालाच झाला नाही. पाणी तापल्यावर तडा असेल तर तो आता बोलणार होता. लेक टॉर्च घेऊन ट्रॅक्टरखाली उताणी झोपली.

"आहे का काही?"

"नाही."

"नीट बघ. तेलाकडच्या बाजूला?"

"नाही हो बाबा!"

रेडिएटरला हात लावता येईना, एवढा तापला. तरी खालची जमीन कोरडी. सासऱ्यांनी खिशातून फोन काढला आणि इंजिनाच्या वरताण ओरडू लागले.

"हां, मी काका बोलतोय! तुझी जागा दे दुसऱ्या कशाला तरी. नाही नाही, सुरू आहे... अरे, गोठला होता! हो, यांच्याच हातून... मग काय झालं? तू किटली ओतली असतीस!"

लेक ट्रॅक्टरखालून अजून बाहेर आली नव्हती. जावई हँडल हातात धरून उभा होता. इंजिन आता बंद करायला हरकत नव्हती, पण करायला कोणीच पुढे झालं नाही.