सागरें

मिरजेहून कुमुदिनीबाई बेहेरे यांचं पत्र आलं ते १९५४ साली. मी त्याला आठ वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र वाईट नव्हतं. तितक्या प्रेमाचं पत्र मला आयुष्यात दुसरं आलं नाही.

कुमुदिनीबाई संगीत नाटकांत काम करायच्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मराठी नाटकच मी पाहिलेलं नाही. क्युरपिपच्या सरकारी कचेरीतला मी कारकून, मॉरिशसबाहेर पाऊल न टाकलेला. पण पोर्ट लुईच्या एका दुकानात भारतातल्या गाण्यांच्या तबकड्या येत. त्यांत बाईंचं एक पद मिळालं आणि आमच्या घरात त्यांचा आवाज आला.

घरात मी आणि आई, दोघंच. आई ब्रीझे वेर्दिएर गावची, मळ्यांवर आणलेल्या मराठी मजुरांची नात, उसात खपून म्हातारी झालेली. पदातले निम्मे शब्द तिला कळत नसत. तरी रविवारी जेवणं उरकली की म्हणायची, "जयदेव, लाव रं त्या बाईला." बाई गायला लागल्या की तिचे डोळे वाहायचे. "माजी आजी अशीच बोलायची," म्हणायची. "लय सागरें होतं रं ऐकून."

शेवटी मी धीर करून बाईंना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. मराठी मी पोथ्या आणि जुनी मासिकं वाचून शिकलेलो, त्यामुळे प्रत्येक ओळीत चूक दिसायची. एका वाक्याबद्दल मात्र मला शंका नव्हती, कारण ते आईचं होतं: 'तुमचं गाणं ऐकलं की माझ्या आईला सागरें होतं.'

बाईंनी उत्तरात त्याच वाक्याबद्दल लिहिलं होतं. 'हा शब्द आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही. कोशातही नाही. आम्ही हरवलेला शब्द तुम्ही इतक्या दूर जपलात! आमच्या नाटककारांना तो फार आवडला. नव्या नाटकातल्या पदात घालायचा म्हणतात. समुद्रासारखी आनंदाची भरती, असाच अर्थ ना? चूक असेल तर जरूर कळवा.'

पत्र मी कचेरीत नेलं. शेजारच्या टेबलावर यशपाल बसायचा. मोठ्या आवाजाचा, मनाचा मोकळा. आमचं बोलणं बेटावरच्या बोलीत, क्रेओलमध्ये चालायचं.

"सागरें?" त्यानं विचारलं. "तुम्ही मराठीत लिहिलंत ना, जयदेवभाई?"

"मराठीच आहे. समुद्र ओलांडून आलेल्यांचं दुःख. सागरावरून झालेला जुना शब्द."

त्यानं टाक खाली ठेवला. "अहो, शाग्रें! साहेबांच्या मडमेचं कुत्रं मेलं तेव्हा ती काय म्हणत होती? शाग्रें! फ्रेंच शब्द. क्रेओलनं त्याचं साग्रें केलं आणि तुम्ही त्याला धोतर नेसवून मिरजेला पाठवलंत!"

सगळी कचेरी हसली. मीही हसलो.

हा शब्द क्रेओलमध्ये आहे हे मला माहीत होतं. पण तो आपल्याकडून तिकडे गेला असेल, असं मी धरून चाललो होतो. लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकलेला शब्द. तो परका असेल असं मनातही आलं नव्हतं. संध्याकाळी मी उत्तर लिहायला बसलो. 'तो शब्द मराठी नाही' एवढं लिहिलं आणि पुढे लिहवेना. मग माझ्या मराठीत मराठी काय, असं बाई विचारणार नाहीत का? मी तेच स्वतःला विचारत बसलो.

"लिवलंस का रं बाईला?" आई अधूनमधून विचारायची.

"लिहितो."

पुढे ती विचारेनाशी झाली.

१९५९ च्या सुमाराला बाईंची नवी तबकडी आली. मी ती न ऐकताच घरी आणली आणि रविवारी लावली. पद जलद लयीचं होतं. दुसऱ्याच ओळीला बाई म्हणाल्या, 'सागरें आलं गं, सागरें!' आणि तानेच्या शेवटी खळखळून हसल्या.

आई ताठ बसली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. "आपलाच शबुद की रं!"

बाई पुन्हा हसल्या.

"हासत्ये कशाला पण?"

"नाटक आहे, आई."

"नाटकात कोन मेलंय?"

"कुणी नाही. पदातल्या मुलीचं लग्न ठरलंय."

पद संपलं, सुई घरघरत राहिली.

"आपल्या दुखाला हासली व्हय ती?" आई म्हणाली. "आन तू लिवतो म्हनला व्हतास."

बाईंचा दोष नाही, त्यांना अर्थ ठाऊक नव्हता, असं मी तिला समजावू लागलो. "मंग सांगायचा कुनी?" एवढंच ती म्हणाली आणि उठून कोंबड्यांकडे गेली. त्यानंतर तिनं बाईंना कधी लावायला सांगितलं नाही. मी जुनं पद लावलं तरी काही काम काढून अंगणात जायची. पावसातसुद्धा जायची. तिला आवडणारी एकच गोष्ट मी दुकानातून घरी आणू शकलो होतो. तीही हातची गेली.

१९६२ च्या हिवाळ्यात आई वारली. तेराव्याला यशपाल आला. एरवी बोलताना न थकणारा माणूस माझ्यासमोर टोपी हातात धरून बसला. जाताना हळूच म्हणाला, "मो साग्रें, जयदेवभाई." दुःख सांगायला आपण तोच शब्द वापरला हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मला त्याला विचारावंसं वाटलं, की मग आता मी माझ्या आईसाठी कुठला शब्द वापरू? मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना लिहिलं:

'सागरें म्हणजे दुःख. शब्द फ्रेंच आहे. आम्हाला दुसरा ठाऊक नव्हता. माझी आई वारली. तुम्ही हसलात तेव्हा ती हयात होती.'

शेवटचं वाक्य खोडावं असं फार वाटलं. बाईंनी मला जरूर कळवा म्हटलं होतं, हेही मला आठवत होतं. मी ते वाक्य खोडलं आणि त्याखाली लिहिलं, 'तुमचं पहिलं पद तिला फार आवडायचं.' मग पत्र घडी करून क्युरपिपच्या पोस्टात गेलो. खिडकीतला माणूस पत्त्याकडे बघून म्हणाला, "मिरज? कुठे आलं हे?"

"भारतात," मी म्हणालो. त्यापलीकडे मलाही माहीत नव्हतं.

त्यानं शिक्का मारला आणि पत्र मागच्या पोत्यात टाकलं.