अकरा अंशांची काळी

सोमवारी सकाळी दिपालीनं कोल्ड रूमचं दार उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीच्या मधोमध तिनं सुताराकडून घालून घेतलेली आडभिंत कुणीतरी उचकटून कोपऱ्यात टेकवून ठेवली होती. बियरची सगळी पिंपं एका ओळीत उभी होती आणि दारावरच्या तापमानाच्या पट्टीत लाल आकडा दिसत होता. दोन.

दोन दिवस, फक्त दोन दिवस ती मंगळवेढ्याला गेली होती. घरच्या मेंढरांची लोकर कातरायची होती आणि वडलांच्या, आण्णांच्या गुडघ्यानं दगा दिला होता. तेवढ्यात इथं हा उद्योग झाला.

विजापूर रस्त्यावरच्या या हॉटेलात बियर बाहेरून येत नसे, आतच बनत असे, आणि ती दिपाली बनवत असे. पुण्यात सात वर्षं हेच काम करून ती सोलापुरात आली होती. तिच्या बियर तीन. एक फिकट, चार-पाच अंशांवर प्यायची, थंडगार आणि फसफसती. दुसरी गव्हाची, तिला लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास, ती सात अंशांच्या खाली गेली की वास मुका होतो. आणि तिसरी काळी. तिच्यात मंगळवेढ्याची ज्वारी भाजून घातलेली. ही अकरा अंशांवर द्यायची. त्याहून गार केली तर जीभ बधिर होते, आणि भाजल्या ज्वारीचा, गुळाचा, कडवट कॉफीचा जो काही पसारा तिच्यात आहे तो पिणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून ती आडभिंत. अलीकडे गार, पलीकडे बेताचं.

मॅनेजर गोपाळकाका चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी नजर टाळत सांगितलं, की शनिवारी दोन टेबलांवरून काळी बियर "गरम आहे" म्हणून परत आली. राजससाहेबांनी तिथल्या तिथं भिंत काढायला लावली. शिवाय बियरचे सगळे मग फ्रीझरमध्ये ठेवायचे, असाही हुकूम आहे.

"मला एक फोन करता आला नाही तुम्हाला?" दिपाली म्हणाली.

गोपाळकाकांनी चहाचा घोट घेतला. मग राजससाहेबांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

राजस हा हॉटेलचा मालक. नवी पेठेतल्या कापडवाल्यांच्या जुन्या घरातला मुलगा, तिशीच्या आतला, बोलायला गोड. त्यानं तिला बसवलं, पाणी दिलं आणि समजूत घातली. बाहेर त्रेचाळीस आहे मॅडम, उन्हातून आलेला माणूस आधी गार मागतो, पुण्याचं शास्त्र इथं चालत नाही. दिपालीनं सांगून पाहिलं, की हे पुण्याचं शास्त्र नाही, जिभेचं आहे, आणि जीभ सोलापूरकरालाही असते. गोठलेल्या मगात ओतलेल्या बियरवर आधी बर्फाचं पाणी उतरतं, फेस फसफसून वाया जातो, हेही सांगितलं. राजस हसला. महिनाभर बघू, म्हणाला, गिऱ्हाईक ठरवेल.

गिऱ्हाइकानं ठरवलं. तीन आठवड्यांत काळीचा खप निम्म्यावर आला. टेबलावरच्या अभिप्रायाच्या चिठ्ठ्या गोपाळकाकांनी तिच्यापुढे आणून ठेवल्या. "पाण्यासारखी." "नुसता रंग काळा, चव शून्य." "फिकट बरी." दिपालीनं त्या वाचल्या आणि तिला वाटलं, आता तरी या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडेल.

प्रकाश पडला, पण भलतीकडे. राजसनं तिला बोलावून सांगितलं, की कृतीतच दोष दिसतोय. ज्वारीचा प्रयोग फसला. पुण्याच्या एका सल्लागाराशी तो बोललाय, पुढच्या महिन्यात तो येऊन नवी कृती देईल.

दिपाली त्या खुर्चीतून कशी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. दोन वर्षं तिनं त्या ज्वारीवर घातली होती. किती ताप, किती वेळ, टरफलासकट की कांडून, एकेक घाणा फेकून देऊन शिकली होती. चव यांनीच मारायची आणि खुनाचा आळ तिच्या हातावर. चोराच्या उलट्या बोंबाच या. गच्चीवर जाऊन तिनं आण्णांना फोन लावला आणि सगळं एका दमात ओकलं. आण्णांनी जन्मात बियर चाखली नव्हती. लेक असलं काम करते हे त्यांनी गावात कुणाला धड सांगितलंही नव्हतं. पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुजं चुकलं न्हाय," ते म्हणाले. "पर रागाच्या भरात हात उचलू नगंस. हात उचलला की खरं बोलणारा बी खोटा ठरतो."

तिनं बरं म्हटलं, आणि त्याच शनिवारी संध्याकाळी तिचा हात गेलाच.

सातचा सुमार होता. पायात गमबूट, अंगाला माल्टचा, मोडाच्या धान्याचा वास, अशा अवतारात ती बाहेर मांडलेल्या टेबलांमधून वाट काढत होती. कोपऱ्यात ईरप्पा बसले होते. अक्कलकोटकडचे, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, दर शनिवारी येणारे. पांढरा सदरा, पुढ्यात शेंगा. त्यांच्यापुढे तिची काळी होती, गोठलेल्या मगात, आणि वेटर चिमट्यानं त्यात बर्फाचे खडे सोडत होता. एक. दोन. तिसरा पडायच्या आत दिपालीनं तो मग उचलला.

"हे प्यायचं नाही," ती म्हणाली.

ईरप्पा सावकाश उभे राहिले. आजूबाजूच्या चार टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. आपण कुणाच्या ताटातला घास काढून घेतल्यासारखं केलं, हे तिला तेव्हा उमगलं, पण तो मग काही तिच्या हातून सुटेना.

"पस्तीस वर्षं नोकरी केली मी," ईरप्पा म्हणाले. "साहेबानंसुद्धा माझ्या पुढ्यातला पेला कधी उचलला नाही. तुम्ही कोण हो, बाई?"

राजस धावत आला. त्यानं हात जोडले, नवी बियर आणायला सांगितली आणि दिपालीकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, की आत्ताच्या आत्ता माफी मागा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

तिनं तो मग टेबलावर ठेवला. "काका, मी तुमचा मग उचलला, ते चुकलं," ती म्हणाली. "त्याची माफी मागते. पण ही बियर मी बनवते आणि ही अशी प्यायची नसते. मला पाच मिनिटं द्या. मग तुम्ही म्हणाल तर मी उद्या येत नाही."

राजस काही बोलणार तोच ईरप्पा खाली बसले. कारकुनी जन्म गेलेला माणूस, समोरच्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय शेरा मारायचा नाही ही सवय हाडात. "आणा," ते म्हणाले.

पिंपं दोन अंशांवर होती, पण काळी जिथं मुरते त्या आतल्या मोठ्या टाकीला कुणी हात लावलेला नव्हता, ती अकरावरच होती. दिपालीनं साधा ग्लास नळाच्या पाण्यानं विसळला, टाकीतून थेट भरला, फेस बसू दिला आणि आणून ठेवला. ईरप्पांनी आधी ग्लासाला हात लावून पाहिला. मग नाक जवळ नेलं. मग एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला. दुसरा घेतला.

"ही तीच?"

"तीच."

"करपल्या भाकरीचा पापुद्रा असतो, तसं लागतंय की," ते म्हणाले. "मागनं गूळ. आणि मग कडू, लई कडू." त्यांनी ग्लास लांब सरकवला. "मला नाही आवडली."

राजसच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू यायला लागलं होतं. पण ईरप्पा त्याच्याकडेच वळले.

"आवडली नाही, ते माझं मी बघतो. पण महिनाभर तुम्ही मला हिच्या नावाखाली काय पाजलंत? मी चिठ्ठीवर पाणी म्हणून लिहिलं. माझ्या हातनं खोटा शेरा लिहून घेतलात की हो तुम्ही."

राजसनं गिऱ्हाइकाची आवड, सोलापूरचा उन्हाळा असं काहीबाही सांगायला सुरुवात केली. ईरप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. फिकट गार द्या, माझी हरकत नाही, ते म्हणाले, पण जी गार द्यायची नाही ती गार देऊन वर या बाईंना दोष लावता, याला आमच्या खात्यात वेगळा शब्द आहे. शब्द कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी मात्र टाकीतली काळी मागवली.

सल्लागार आला नाही. आडभिंतही परत बसली नाही. राजसनं मधला मार्ग काढला, मालक काढतात तसा. काळी यापुढे थेट टाकीतून द्यायची, साध्या ग्लासात, आणि टेबलावर पाटी ठेवायची, की ही बियर मुद्दाम कमी गार दिली जाते. पाटीचा मजकूर दिपालीनं लिहिला. "बर्फ मागू नये" ही ओळ राजसनं खोडली. गव्हाची बिचारी अजून दोन अंशांतच कुडकुडत होती, आणि माफी मागायचं त्याला सुचलं नाही ते नाहीच. गोपाळकाकांनी तेवढं एकदा चहा देताना म्हटलं, की फोन करायला हवा होता मी.

दिपालीचा राग गेला नाही. तो तिनं कामाला जुंपला. गव्हाच्या बियरसाठी कोणत्या दिवशी भांडायचं, हेही तिच्या मनात ठरलं होतं. पण मंगळवारी सकाळी नव्या घाण्याची ज्वारी भाजायला घेतली तेव्हा ईरप्पांचा तो लांब सरकवलेला ग्लास तिच्या डोळ्यांपुढून हलेना. लई कडू, म्हणाले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या बियरमध्ये जे आहे ते चाखून नाही म्हटलं होतं. तिनं एक दाणा दाताखाली फोडला, थोडा वेळ चघळला आणि नेहमीपेक्षा चार मिनिटं आधी आच बंद केली.