आधी माझी शेपटी सैल करा

मित्रांनो, वय विचारू नका. मी जुना फाउंटन पेन आहे, आणि अजून ठणठणीत आहे.

तोक्योतल्या एका कारागिराने मला काळ्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, कांडीतून कातलं. माझ्या पोटात रबराची पिशवी नाही, शाई ओढणारा दट्ट्याही नाही. माझी मान फिरवून काढायची आणि ड्रॉपरने थेट पोटात शाई सोडायची. पोटातून एक बारीक दांडी जाते. शेपटी, म्हणजे माझं मागचं फिरतं टोक, घट्ट पिळली की ती दांडी शाईची वाट बुचासारखी बंद करते. लिहायचं असेल तर शेपटी जरा सैल करायची, बस्स.

ओनोमिची बंदराचे कांजी फेरीबोटीवर कप्तान होते. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र गणवेशाच्या खिशात मी वर्षानुवर्षं राहिलो, पण कधी डाग पाडला नाही. इतरांच्या खिशांवर निळे नकाशे उमटलेले असत. बढाई नाही मारत, खरं तेच सांगतो.

मग कांजी वारले आणि मी खणात पडलो. आमच्या जपानात दुखवट्याच्या वर्षी नववर्षाची शुभेच्छापत्रं कोणी धाडत नाही. पुढचा डिसेंबर आला तेव्हा त्यांच्या पत्नीने, मिनेकोबाईंनी, मला बाहेर काढलं. यंदा पत्रं लिहीन तर याच पेनाने, नाहीतर लिहिणारच नाही, असं त्यांनी मुलाला बजावलं.

मुलगा तेत्सुओ जुन्या पेनांचा शौकीन, पण मला ओळखताना फसला. फिरणारी शेपटी दिसली, म्हणजे जर्मन पेनांसारखा आत दट्ट्या असणार, असं त्याने ठरवून टाकलं. माझं निब शाईत बुडवून तो शेपटी पिळत बसला. शाई काही चढेना. दट्ट्या अडकलाय म्हणत त्याने पक्कड आणली, तेव्हा माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दांडी मोडली असती तर माझा खेळ खलास होता.

"ठेव ती पक्कड," मिनेकोबाई म्हणाल्या. "तुझे बाबा ड्रॉपरने भरायचे. माझा टेबलक्लॉथ काय उगाच निळा झालाय?"

तेत्सुओने ड्रॉपरने शाई भरली, पण शेपटी करकचून बंद केली. दोन शब्द उमटले आणि मी कोरडा पडलो.

"आई, संपलाय हा. नवा आणून देतो."

मिनेकोबाईंनी मला हातात घेतलं, डोळे मिटले आणि कांजी लिहायला बसत तशा बसल्या. बोटांनी आपसूक माझी शेपटी जराशी सैल केली.

"लिहायच्या आधी हे असं करायचे," त्या म्हणाल्या. "मी चिडवायचे, बायकोचा कान पिळायची हिंमत नाही म्हणून पेनाचा पिळताय."

शाई सुटली. पत्र लिहून झालं आणि खाली पाठवणाऱ्यांची नावं आली. दरवर्षी आधी कांजींचं, शेजारी मिनेकोबाईंचं. त्यांचा हात सवयीने कांजींच्या जागेवर गेला आणि थांबला. खूप रडू आलं त्यांना. मग ती जागा तशीच मोकळी ठेवून त्यांनी शेजारी आपलं नाव लिहिलं. उरलेली पत्रंही आम्ही दोघांनी तशीच लिहिली.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू अडून बसली तर पक्कड शोधू नका. ती वापरणारे हात काय करायचे, ते विचारून ठेवा. आजच विचारा, सांगणारी माणसं आहेत तोवर.