त्याच नावाची दुसरी

मी टेप बोलतेय. रेडिओ केंद्राच्या लोखंडी रॅकवर राहणारी, मोठ्या रिळावरची. माझ्या डब्यावर नाव आहे ‘गच्चीवरचं चांदणं’. थांबा, लगेच गुणगुणू नका! तुम्हाला आठवतंय ते गाणं माझं नव्हे, त्या दुसरीचं.

खरं तर जन्म आधी माझा. याच केंद्रात एका सडपातळ तरुण बाईंनी चार गाणी गायली, ती मी अंगावर घेतली. माझी प्रत काही कुणी काढली नाही. दोन वर्षांनी बाजारात त्याच नावाचा अल्बम आला आणि असा गाजला म्हणता! न्हाव्याच्या दुकानातसुद्धा तोच. त्याचीही टेप आली आणि नेमकी माझ्या शेजारी बसली. फर्माईश आली की हात माझ्यावरून सरकायचा आणि तिला उचलायचा. नुसता जळफळाट व्हायचा माझा. चुकून मी लागलेच, तर लगेच फोन, “अहो, हे कुठलं भलतंच? आमचं लावा!”

मग कोऱ्या टेपा मिळेनाशा झाल्या. साहेबांनी फर्मान काढलं, एका नावाच्या दोन असतील तर एक पुसून वापरा. टेपा सांभाळणारे काका डब्यावरची नावं वाचून निवड करायचे. लावून बघायला वेळ कुणाला? मी गेले शेजारच्या खोलीत, रेकॉर्डिंग करणाऱ्या एका पोराच्या मशीनवर. तो सदा गडबडीत, म्हणून सगळे त्याला ‘घाई’च म्हणतात.

त्याच दुपारी माझ्या गाणाऱ्या बाई आल्या. केस पिकलेले, गळ्याला रुमाल. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा गेलेला. बरोबर लेक.

“माझ्या जन्माआधीच आईने गाणं सोडलं हो,” लेक काकांना म्हणाली. “मी तिला कधी ऐकलंच नाही. आता तर... एकदा ऐकवाल?”

नाव ऐकून काका हसले. “हात्तिच्या, एवढंच ना!” आणि त्यांनी त्या दुसरीला लावलं.

“अहो काका, हे नव्हे! हे तर शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आईचं वेगळं.”

“या नावाची आणखी एक होती खरी. पण ती ह्याचीच जास्तीची समजून पुसायला दिली...” काकांचा चेहरा पडला.

इकडे माझी पहिली दोन गाणी साबणाच्या आणि छत्र्यांच्या जाहिरातींखाली गेली होती. पुसलं जाताना दुखत नाही, पण आपण काय होतो तेच आठवेनासं होतं. फार भीती वाटते हो! पुढची जाहिरात घेण्याआधी, आधीची कुठे संपलीय ते बघायला घाईने मला जरा वाजवलं. उघड्या दारातून तिसऱ्या गाण्याची एक ओळ बाहेर गेली.

बाई ताडकन उठल्या. आपला आवाज त्या विसरतील होय? पण तोवर दार लागलं होतं आणि वर लाल दिवा पेटला होता.

“आता नाही जाता येत,” काका आडवे आले. “लाल दिव्यात दार उघडायचं नाही. नोकरी लागल्यापासून मी कधी उघडलं नाही.”

“तिथे आईचा आवाज पुसतायत, काका!” लेक ओरडली.

बाई दाराच्या काचेवर थापा मारत होत्या. घाईची पाठ होती, कानांवर हेडफोन होते. दंतमंजनवाला दात काढून बोलत होता आणि तिसरं गाणं माझ्यातून चाललं होतं. ‘ओरडा ना बाई!’ मी मनात म्हटलं. त्या ओरडतच होत्या. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता.

काका बाजूला झाले. बाईंनी दार ढकललं.

“अहो, दिवा दिसत नाही का?” घाई किंचाळला. तोवर बाईंनी फिरत्या रिळावर तळहात दाबला होता. मी थांबले.

मग काकांनी मला स्वतः लावलं. दंतमंजन अर्ध्या शब्दात तुटलं आणि माझ्यातल्या तरुण बाई गाऊ लागल्या. लेक आधी मशीनकडे बघत होती, मग आईकडे बघू लागली. आईचे ओठ प्रत्येक शब्दाला हलत होते. त्या शब्दांना आवाज मी देत होते.

“आई गं,” एवढंच लेक म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

आता मी परत रॅकवर आहे. ती दुसरी अजून शेजारीच आहे. काका म्हणतात, कोरी टेप आली की तुझी प्रत काढतो. लवकर काढा हो. माझ्यात आता दीडच गाणं उरलंय.